जोर लावा, पण बार हलू नये

३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो. कोपर दुखावलं आणि सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकलं. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून वर खेचायला जेमतेम एक सेकंद मिळतो. वेगात धावणाऱ्याचा पाय तर जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टेकतो. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला मात्र त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून ताकद किती आहे, यापेक्षा ती किती लवकर उठते, यावर निकाल ठरतो.

ती लवकर उठावी म्हणून जो व्यायाम करतात, त्यात काहीच हलत नाही. रॅकच्या अडसराखाली मांडीच्या मध्यावर येईल असा बार अडकवायचा आणि एकदम, सगळा जीव लावून, तो वर ओढायचा. तीन सेकंद. मग दोन मिनिटं विश्रांती, आणि पुन्हा. चार-पाच वेळा पुरे. हाच आयसोमेट्रिक व्यायाम.

बार हलत नाही, मग वेग कुठून येतो? मेंदूच्या हुकमातून. १९९३ मध्ये बेहम आणि सेल या कॅनडातल्या संशोधकांनी प्रत्येक सहभागी माणसाच्या एका घोट्याला न हलणाऱ्या अडसराविरुद्ध झटका द्यायला लावला, दुसऱ्याला वेगाने हलू दिलं. दोन्ही पायांत वेगाच्या ताकदीचा फायदा सारखाच दिसला. झटका देण्याचा इरादा महत्त्वाचा. त्यामुळेच भिंतीला टेकून दोन मिनिटं खुर्ची करणं किंवा प्लँक धरणं वेगळं. त्याने दम वाढतो, झटका नाही.

ही पद्धत एकदा बदनामही झाली. १९५३ मध्ये जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी रोजच्या काही सेकंदांच्या ताणाने ताकद झपाट्याने वाढल्याचं मांडलं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या यॉर्कच्या वेटलिफ्टरांनी ती उचलली, कमालीची प्रगती दाखवली. पुढे कळलं, त्यांतले काही स्टेरॉइडच्या गोळ्याही घेत होते. लोकांचा विश्वास उडाला आणि चांगली गोष्ट अनेक वर्षं अडगळीत पडली.

सांगलीशेजारच्या कुपवाडच्या पोरांना ती आज हवी आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलांच्या मैदानी चाचणीचे गुण ५०: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. म्हणजे ३० गुण झटक्याचे. तरी बहुतेकांची तयारी मैदानाला फेऱ्या मारण्यातच संपते, हे मला खरोखर खटकतं. रॅक नसेल तर एमआयडीसीत माल बांधायला वापरतात तसा रुंद, न ताणणारा पट्टा पायांखाली दाबून दोन्ही हातांनी ओढता येतो. पाठ सरळ हवी, एवढंच.

मर्यादाही आहेत. गुडघा ज्या कोनात ठेवून जोर लावता, ताकद मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास वाढते, म्हणून दोन-तीन उंचींवर ओढावं. उड्या, स्प्रिंट आणि गोळा फेकणं सोडून चालत नाही. ओढताना श्वास कोंडू नये, रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी आठवड्यातून दोनदा, धावण्याआधी, ताज्या अंगाने सुरुवात करावी.