कनू, तंबू आणि नियम : युवा शिबिरांविषयीचे काही गैरसमज

किशोरवयीन मुलामुलींच्या गटाने तलावाकाठी तंबू ठोकून राहावे आणि दिवसा होड्या वल्हवत पुढचा मुक्काम गाठावा, हा उपक्रम कॅनडा आणि अमेरिकेत गेल्या शतकापासून चांगला रुजलेला आहे. त्यासाठी वापरली जाणारी कनू म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालणारी हलकी होडी होय. कयाक तिच्याच जातकुळीतली, पण बहुधा वरून झाकलेली आणि दोन पात्यांच्या वल्ह्याची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले तेथील स्काउट पथकांबरोबर अशा सहलींना जातात आणि महाराष्ट्रातही पवना व भंडारदऱ्याच्या काठी तंबूंचे मुक्काम आता नित्याचे झाले आहेत. या उपक्रमांच्या सुरक्षानियमांविषयी दोन समज सरसकट आढळतात. नियम म्हणजे साहसाला घातलेली वेसण, हा एक; आणि लाइफ जॅकेट अंगावर चढवले की नियम पाळून झाले, हा दुसरा. यांतला दुसरा अधिक घातक म्हणावा लागतो, कारण तो बाळगणारा माणूस स्वतःला सावधच समजत असतो.

या दुसऱ्या समजाचे खंडन कॅनडातील एका दुर्घटनेने फार पूर्वीच केले आहे. ११ जून १९७८ रोजी ऑन्टारिओ आणि क्वेबेक या प्रांतांच्या सीमेवरील टिमिस्कामिंग सरोवरात, ऑन्टारिओतील एका निवासी शाळेची मुले आणि त्यांचे शिक्षक असे एकतीस जण चार मोठ्या कनूंमधून निघाले होते. वारा वाढला, लाटा उसळू लागल्या, एक कनू उलटली आणि तिच्या मदतीला वळलेल्यांचीही तीच गत झाली. त्या दिवशी बारा मुले आणि एक शिक्षक दगावले. त्यांच्या अंगात लाइफ जॅकेटे होती. जॅकेटाने त्यांना तरंगत ठेवले, परंतु पाणी अतिशय थंड होते आणि अशा पाण्यात शरीराचे तापमान घसरत जाऊन हातपाय व पुढे शुद्धही हरपते; या अवस्थेला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातील संशोधक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी ‘एक-दहा-एक’ असे सूत्र मांडले आहे : पहिले एक मिनिट धापा आवरून श्वास ताब्यात आणण्याचे, पुढची सुमारे दहा मिनिटे हातापायांनी काही उपयोगाची हालचाल करता येण्याची, आणि हायपोथर्मियाने शुद्ध हरपण्याआधीचा सुमारे एक तास. जॅकेट या तिन्ही टप्प्यांत तोंड पाण्यावर ठेवते आणि म्हणून ते अनिवार्यच आहे. मात्र मदत त्या तासाच्या आत पोहोचेल की नाही, हे होडी काठावरून सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. महाराष्ट्रातील जलाशय इतके गार नसतात हे खरे, पण येथील शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या सहली मनाली आणि ऋषिकेशलाही जातात आणि तेथील नद्यांचे पाणी हिमालयातील बर्फाचे असते.

जॅकेट नुसते जवळ असले तरी पुरते, हा या समजाचाच आणखी सैल अवतार. होडीत मांडीखाली उशीसारखे घेतलेले किंवा फळीखाली सरकवलेले जॅकेट उलटलेल्या होडीपासून निराळे वाहत जाते आणि पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला ते अंगावर चढवून पट्टे आवळणे जवळजवळ अशक्य असते. ते मापाचे असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. सर्व बंद लावून झाल्यावर दुसऱ्या कोणी तरी ते दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढावे. हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले, तर ते सैल आहे आणि पाण्यात नेमके तसेच वर सरकणार आहे. शिबिरात प्रौढांच्या मापाची जॅकेटे दहा-बारा वर्षांच्या मुलांना सर्रास चढवली जातात. या एका चाचणीत ती बहुधा नापास होतात.

पोहता येत असल्यास धोका नाही, हे मत पालकांमध्ये विशेष प्रचलित आहे. अमेरिकेतील स्काउट संघटनेची पोहण्याची चाचणी या बाबतीत उद्बोधक आहे. डोक्याहून खोल पाण्यात पाय खाली ठेवून उडी मारायची, पंचाहत्तर यार्ड जोरकस पोहायचे, त्यानंतर पंचवीस यार्ड पाठीवर सावकाश, विसावा घेत जायचे आणि शेवटी अंग सैल सोडून तरंगून दाखवायचे, असे तिचे स्वरूप आहे. म्हणजे या चाचणीला वेगाशी देणेघेणे नाही. दमल्यावर पाण्यातच विसावता येते की नाही, हे तिला पाहायचे असते. चाचणी उत्तीर्ण झालेल्यालाही कनूत जॅकेट घालावेच लागते, आणि उत्तीर्ण न झालेल्याला दोघांच्या होडीत कुशल प्रौढाच्या सोबतीनेच बसता येते. तरणतलावात शिकलेल्या मुलाला कपड्यांसह, लाटांत आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यात पोहण्याचा सराव नसतो, ही साधी गोष्ट प्रशस्तिपत्राच्या चौकटीत मावत नाही.

बुडणारा माणूस हात उंचावून ओरडतो, ही समजूत चित्रपटांनी दृढ केली आहे. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या निरीक्षणांतून दाखवून दिले, की खरे बुडणे बहुतांशी निःशब्द असते : तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत राहते, श्वास घेण्यालाच सवड नसल्याने ओरडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात; हा झगडा वीस ते साठ सेकंदांत संपू शकतो. जोडीदार पद्धतीचे कारण येथे आहे. या पद्धतीत प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, ठरावीक वेळाने, पोहताना साधारण दर दहा मिनिटांनी, इशारा होतो आणि प्रत्येक जोडी एकमेकांचे हात धरून वर करते. हा प्रकार मोठ्या मुलांना पोरकट वाटतो. काठावर उभ्या असलेल्या एका शिक्षकाला तीस डोकी मोजत राहता येत नाहीत, आणि जोडीदाराला मात्र एकच डोके सांभाळायचे असते, एवढे सांगितल्यावर त्यांची कुरकूर सहसा थांबते.

कोणी बुडताना दिसल्यास चांगल्या पोहणाऱ्याने तत्काळ उडी घ्यावी, हेही असेच एक घातक औदार्य. घाबरलेला माणूस हाती येईल त्याला पकडून खाली दाबतो आणि एकाऐवजी दोघे जातात. शिकवला जाणारा क्रम असा आहे : आधी काठावरून वल्हे किंवा काठी पुढे करावी, ती पोहोचत नसेल तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी, तेही जमले नाही तर होडी न्यावी, पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी आणि तेही प्रशिक्षित व्यक्तीनेच.

नदीविषयीचे गैरसमज तलावाहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांकडे अधिक लक्ष देणे भाग आहे. गुडघाभर वाहत्या पाण्यात पडल्यावर पाय टेकून उभे राहणे स्वाभाविक वाटते. तथापि पाऊल दोन दगडांच्या बेचक्यात अडकले की प्रवाहाचा रेटा माणसाला पुढे वाकवतो आणि तो गुडघाभर पाण्यातही बुडतो. अशा वेळी पाठीवर राहून, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाशी ठेवून, वेग मंदावेपर्यंत वाहत जावे, असा नियम आहे. बुटका बंधारा निरुपद्रवी वाटतो, कारण त्यावरून पडणारे पाणी एखाद-दोन मीटरच खाली येते. परंतु पायथ्याशी ते पाणी उलटे फिरून पुन्हा बंधाऱ्याकडे वळते आणि त्या भोवऱ्यात सापडलेली होडी किंवा माणूस तेथेच घुसळत राहतो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे राज्यातील असंख्य नद्यांवर आहेत. बरगे घातलेल्या अशा बंधाऱ्यावरून पाणी सांडत असताना त्यावरून कयाक सोडण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिचा विचारही होऊ नये.

आकाश निरभ्र असले की नदी वाढत नाही, हा समज सर्वांत महाग पडला तो हिमाचल प्रदेशात. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने वाहून गेले. कोलाडजवळ कुंडलिकेवर होणारे राफ्टिंग वरच्या जलविद्युत प्रकल्पातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावरच चालते, म्हणजे तेथे नदीची पातळी पावसाइतकीच वेळापत्रकानेही बदलते. धबधब्यांचे गणित निराळे नाही : ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते वरच्या डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी अचानक आल्याने. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या पात्रात किंवा नाल्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नये, हा नियम हवामान पाहून शिथिल करता येत नाही.

तंबूविषयीचे समज थोडक्यात आटोपता येतात. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर पडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तेथेच थांबावे. (मोबाइल फोन वीज ओढून घेतो, ही समजूत मात्र निराधार आहे.) थंडीत तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू साठून माणसे झोपेतच दगावतात, आणि झडप थोडी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही. शेकोटीमुळे साप जवळ येत नाहीत, यावरही विसंबू नये. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे किंवा गिळताना त्रास अशा तक्रारी कोणी सांगितल्या तर अपचन समजून न थांबता त्याला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे हे तिन्ही उपाय अपायकारक आहेत.

सोबत एखादे जबाबदार मोठे माणूस असले की पुरे, हा समज मात्र सविस्तर तपासण्याजोगा आहे. अमेरिकन स्काउट संघटनेत प्रत्येक उपक्रमाला किमान दोन नोंदणीकृत प्रौढ आणि पाण्यावरील सहलीत दर दहा जणांमागे एक प्रशिक्षित देखरेख करणारा, असा दंडक आहे. दोन प्रौढांचे एक कारण उघड आहे : एकाला दुखापत झाली किंवा एक जखमी मुलाबरोबर गेला, तर गट पोरका होऊ नये. दुसरे कारण बोलायला अवघड, पण तितकेच खरे आहे. प्रौढाने मुलाबरोबर एकांतात राहू नये, हा नियम लैंगिक अत्याचारांना आळा घालण्यासाठी आहे. त्याच संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतर अशा अत्याचारांचे ऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले. पाण्याची सुरक्षा आणि मुलांची सुरक्षा यांची वेगवेगळी खाती करणाऱ्या शिबिरांनी ही संख्या लक्षात ठेवावी. शिवाय प्रौढांची नुसती उपस्थिती कौशल्याची जागा घेत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतील होडी उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती, सर्वांच्या अंगात जॅकेटे नव्हती, आणि शिक्षिका त्याच होडीत होत्या.

राहता राहिले संमतिपत्र. पालकाची सही घेतली की आयोजक मोकळा, असे दोन्ही बाजूंना वाटते. वास्तविक त्या कागदाचा खरा उपयोग दमा, अपस्मार, ॲलर्जी, चालू औषधे ही माहिती नेत्याच्या हाती देण्याचा आहे; निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी त्याने पुसली जात नाही. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम उपसागरात कयाक सहलीला गेलेले चार शाळकरी विद्यार्थी मरण पावले. प्रशिक्षक अपुरे शिकलेले होते, गटाजवळ संकटसूचक अग्निबाण नव्हते, आणि परतण्याची वेळ उलटून गेल्यावरही तटरक्षकांना कळवायला फार उशीर झाला. पुढच्या वर्षी आयोजक कंपनी स्वतः सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरली आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला तुरुंगवास झाला. ब्रिटनमध्ये कंपनीवर असा दोषारोप सिद्ध होण्याची ती पहिलीच वेळ होती. १९९५ मध्ये संसदेने युवकांच्या साहसकेंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि परवाना सक्तीचा झाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणातही जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांच्या आयोजकांसाठी नोंदणीची तरतूद आहे. पालकाने नोंदणीपत्र जरूर पाहावे, पण त्याखेरीज आणखी एक कागद मागावा : गट कोणत्या मार्गाने जाणार, किती वाजता परतणार, किती उशीर झाला की मदत बोलवायची आणि ती कोणी बोलवायची, हे लिहिलेला. तो काठावर थांबणाऱ्या माणसाच्या खिशात असायला हवा. होडीतल्या पिशवीत ठेवलेल्या प्रतीचा कोणालाही उपयोग नाही.