शकुंतलेची वाट

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे गाव मुंबई-नागपूर या मोठ्या लोहमार्गावर वसले आहे. या स्थानकातून पूर्वी दोन अरुंद रेल्वेमार्ग निघत. एक उत्तरेस दर्यापूर-अंजनगावच्या बाजूने अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला जाई. तो सुमारे ७६ किलोमीटर लांबीचा होता. दुसरा कारंजा व दारव्हा या गावांवरून सुमारे ११३ किलोमीटर अंतर तोडून यवतमाळला पोचे. या मार्गांवर धावणाऱ्या लहानशा गाडीला लोक ‘शकुंतला’ म्हणत.

ही गाडी आली ती कापसासाठी. मुंबईची मोठी रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली. पण आडबाजूच्या गावांतील कापूस तिच्यापर्यंत न्यावयाचा कसा? वऱ्हाडची काळी जमीन कापसाला जितकी मानवते, तितकी बैलगाडीला मानवत नाही. पाऊस झाला की चाके चिखलात रुतून बसतात. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थेखाली हे दोन फाटे घालण्यात आले. सरकी काढून दाबलेल्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरला येत, तेथे मोठ्या गाडीत चढविल्या जात आणि मुंबई बंदराकडे रवाना होत.

मोठ्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट असते. येथे ते अवघे अडीच फूट होते. रूळ जवळजवळ असले की भराव कमी घालावा लागतो, पूल लहान चालतात आणि वळणे अधिक तीव्र घेता येतात. साहजिकच खर्च कमी येतो. मात्र डबे लहान आणि वेगही बेताचाच! या मार्गावरील वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले होते. कापडाच्या गिरण्यांसाठी जगभर गाजलेले शहर तेच!

विद्यार्थिदशेत मी या गाडीने अचलपूरला अनेकदा गेलो. प्रवासास चार तास लागत. पूर्णा नदीचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांस कापूस, तूर व ज्वारीची शेते दिसत आणि हळूहळू उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांची निळसर रेघ उमटे. गाडीत मजूर असत, भाजीच्या पाट्या असत, माहेरी निघालेल्या लेकी असत. अल्प भाड्यात गरिबाला इष्ट स्थळी नेणारे दुसरे वाहन नव्हते. पुढे लहान स्थानकांवर कर्मचारीही उरले नाहीत. गार्डच खाली उतरून तिकिटे देई आणि फाटक लावण्या-उघडण्याचे कामही गाडीवरील माणसेच करीत.

स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक रेल्वे सरकारी मालकीच्या झाल्या. हा मार्ग मात्र खासगी कंपनीचाच राहिला आणि त्यावरील गाडी मध्य रेल्वे चालवीत असे. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले व त्याची जागा डिझेलने घेतली. रूळ जीर्ण होत गेले, वेग आणखी मंदावला आणि अखेर गाडी थांबली.

या वाटेवर मोठा लोहमार्ग व्हावा, अशी लोकांची मागणी आहे. ती रास्तच आहे; कारण रोगी, विद्यार्थी व शेतकरी यांना आठवणींवर प्रवास करता येत नाही. परंतु मोठा मार्ग झाला, तर जुने रूळ उखडावे लागतील. मग जतन करावयाचे ते काय? वेल्समध्ये पाटीचा दगड वाहण्यासाठी बांधलेली टॅलिलिन ही लहान रेल्वे बंद पडण्याच्या बेतात असताना, १९५१ साली हौशी स्वयंसेवकांनी ती स्वतः चालविण्यास घेतली. ती आजही धावते. काचेआडचे इंजिन आपल्याला केवळ आकार दाखविते. विस्तव किती ठेवावा, पाणी कोठे घ्यावे, चढावर हात कसा आवरावा, ही विद्या चालत्या गाडीबरोबरच जगते.

तेव्हा या वाटेचा एखादा तुकडा तरी चालता राहावा. तोवर एक काम आपल्या हातचे आहे. गावातील वृद्धांना शकुंतलेविषयी विचारावे आणि ते जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवावे. रूळ पुन्हा घालता येतात; पण माणसाबरोबर गेलेली आठवण पुन्हा मिळत नाही.