पाथरी : जन्मस्थानापलीकडचे गाव

पाथरीचे नाव महाराष्ट्रभर गाजले ते जानेवारी २०२०मध्ये. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली आणि साईबाबांचे जन्मस्थान म्हणून गावाचा उल्लेख केला. शिर्डीकरांनी त्यावर बंद पुकारला. निधीला त्यांची हरकत नव्हती, ‘जन्मस्थान’ या शब्दाला होती. चार दिवस वाहिन्यांवर पाथरी दिसत राहिली आणि नंतर दिसेनाशी झाली.

साईबाबांनी आपण पाथरीचे असे म्हाळसापतींना सांगितले होते, ही आठवण जुनी आहे. तिचा माग काढत विश्वास खेर १९७५च्या सुमारास पाथरीत आले. त्यांच्या शोधानंतर ही गोष्ट पुस्तकांतून पसरली. तो वाद सोडवणे हा या लेखाचा विषय नाही. मला खटकते ते वेगळेच. या गावाला विचारला जाणारा प्रश्न नेहमी एकच असतो : इथे जन्मले कोण? इथे राहिले कोण, राहून काय केले, हे फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारला, की सोळाव्या शतकातली एक वेगळीच पाथरी समोर येते.

परभणीहून मानवतमार्गे गेले की पाथरी लागते. दक्षिणेला थोड्या अंतरावर गोदावरी. संस्कृत ग्रंथांत या गावाचे नाव ‘पार्थपूर’ असे येते. पार्थपूर म्हणजेच पाथरी, हे ज्योतिषाच्या इतिहासाचे अभ्यासक मान्य करतात.

आधी राजकारण पाहू. फेरिश्ता हा फारसी इतिहासकार तरुणपणी अहमदनगर दरबारात होता आणि पुढे विजापुरात बसून त्याने आपला इतिहास लिहिला. तो सांगतो, की पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्यातला तिमाभट नावाचा मुलगा अहमदशहा बहमनीच्या विजयनगरवरील स्वारीत कैद झाला. बिदरला नेऊन त्याचे नाव हसन ठेवले. राजपुत्राबरोबर तो फारसी-अरबी शिकला आणि आपल्या हुशारीवर चढत चढत मलिक हसन निजामुल्मुल्क झाला. त्याच्या बापाचे नाव भैरव. त्यावरूनच त्याला ‘बहरी’ म्हणू लागले, अशी एक उपपत्ती आहे. १४८१मध्ये महमूद गावानचा बळी घेणाऱ्या कारस्थानात तो होता आणि पाच वर्षांनी त्याचाही बिदरमध्येच खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९०मध्ये स्वतंत्र झाला. अहमदनगर शहर वसवणारा तो हाच. म्हणजे निजामशाहीचे मूळ सापडते ते पाथरीच्या एका दप्तरदाराच्या घरात.

पाथरी मात्र तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. गंमत अशी, की इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाही विजयनगरकडून कैद होऊन आलेला, मूळचा ब्राह्मण. अहमदनगरच्या गादीला आपले पूर्वजांचे गाव हवे होते. बदल्यात दुसरा, अधिक उत्पन्नाचा परगणा देऊ केला, पण वऱ्हाडने नकार दिला. अखेर १५१८मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेने पाथरी घेतली. काही वर्षांनी अलाउद्दीन इमादशहाने गोवळकोंड्याच्या मदतीने ती परत मिळवली. बुऱ्हाणने पुन्हा वेढा दिला, गाव जिंकले, या वेळी किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला. हे सारे फेरिश्ताच्या ग्रंथात आहे. एका गावासाठी दोन सुलतान झगडले, आणि त्यामागे जहागिरीच्या वसुलीइतकीच कुळाच्या मुळाची ओढ होती.

आता याच वर्षांतली दुसरी पाथरी पाहू. तिची वाट मला दाखवली ती एका मराठी ग्रंथाने. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६मध्ये निघाला. त्यात ज्योतिषग्रंथकारांची घराणी, त्यांची गावे, त्यांचे शक अतिशय चिकाटीने लावलेले आहेत. त्यात पार्थपूरचे ज्ञानराज भेटतात. त्यांनी शके १४२५मध्ये, म्हणजे १५०३ साली, ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शके १०७२चा. मधल्या साडेतीनशे वर्षांत ज्योतिषी मंडळी मुख्यतः करणग्रंथ, कोष्टके आणि टीका यांत गुंतली होती. ग्रहगणिताची संपूर्ण मांडणी मुळापासून नव्याने करणारा ग्रंथ लिहायला घेतला तो गोदाकाठच्या या गावात.

ज्ञानराजांपुढचा पेच मोठा होता. पुराणांतली पृथ्वी सपाट आणि शेषाच्या आधाराने राहणारी, तर ज्योतिषातली पृथ्वी गोल आणि आकाशात निराधार. आधीच्या ज्योतिषांनी पुराणांचे म्हणणे बहुधा बाजूला ठेवले किंवा खोडून काढले. ज्ञानराजांनी दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. तो आज आपल्याला पटेलच असे नाही. पण श्रद्धा आणि गणित एकाच घरात नांदवायची धडपड म्हणून तो आजही ओळखीचा वाटतो. या ग्रंथात ऋतुवर्णनाचे एक काव्यमय प्रकरणही आहे. गणिती माणूस हिशेब करता करता पावसाळ्याकडे बघत बसला, हे मला फार आवडते.

त्यांचे शिष्य ढुंढिराज यांचा ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषाचा ग्रंथ आजही छापला जातो. पण खरा चमत्कार म्हणजे ज्ञानराजांचा मुलगा सूर्य, ज्याला सूर्यदास किंवा दैवज्ञ सूर्यपंडित म्हणतात. त्याचा जन्म शके १४३०च्या सुमाराचा. म्हणजे १५१८मध्ये अहमदनगरची फौज पाथरीत शिरली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. ऐन तारुण्यापर्यंत त्याचे गाव दोन सुलतानांच्या ओढाताणीत सापडलेले. आणि १५३८ साली, तिशी ओलांडताच, त्याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. तीन वर्षांनी ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’. कूपिका म्हणजे आपली कुपी, गणिताच्या अमृताची कुपी.

टीका म्हणजे शब्दांचे अर्थ देणे एवढेच नव्हे. भास्कराचार्यांनी नियम श्लोकात बसवला. श्लोकात जागा थोडी, म्हणून तो नियम का खरा हे बरेचदा सांगायचे राहून जाते. ते कारण, ज्याला ‘उपपत्ती’ म्हणतात, टीकाकार पुरवतो. उदाहरण पायरी पायरीने सोडवून दाखवतो. शाळेत फळ्यावर गणित सोडवणारा मास्तर जे करतो, ते काम हे. अशा टीकाकारांच्या साखळीमुळेच ‘लीलावती’ पाठांतरापुरती न उरता समजून घेण्याजोगी राहिली.

आणि या गणित्याचा हात काव्यातही चालत होता. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ हे त्याचे छोटेसे काव्य. सरळ वाचले तर रामाची कथा, तीच अक्षरे उलट क्रमाने वाचली तर कृष्णाची. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलट वाचले तरी तेच राहते, हा खेळ आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. विलोम त्याहून अवघड. ‘राधा’ उलटे वाचले की ‘धारा’ होते, ‘देव’चे ‘वदे’ होते. असा अर्थ पालटत जाणारा अख्खा श्लोक, तोही वृत्तात, आणि असे श्लोकामागून श्लोक. आज व्हॉट्सअॅपवर कांचीच्या वेंकटाध्वरींच्या ‘राघवयादवीय’चे कौतुक फिरत असते. ते कौतुक योग्यच आहे, पण ते काव्य सतराव्या शतकातले. पाथरीच्या सूर्यपंडितांचे त्याच्या आधीचे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

पुढे काळ फिरला. १५९६मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. पाथरी वऱ्हाडात मोडते की नाही, यावरून अहमदनगरशी पुन्हा तंटा झाला. १५९७मध्ये याच टापूत मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात वाचले तो रहीम. ‘आईन-इ-अकबरी’त पाथरी ही वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार म्हणून नोंदलेली आहे. मान वाढला, पण विद्येची वाट काशीकडे वळली होती. गोदेच्या उत्तर तीरावरच्याच गोलग्रामचे दिवाकर दैवज्ञांचे घराणे काशीला गेले. त्याच घराण्यातल्या कमलाकराने १६५८मध्ये तिथे ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला.

‘सूर्यप्रकाश’ २००१मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत इंग्रजी अनुवादासह आला. ‘सिद्धान्तसुंदर’चा इंग्रजी अनुवाद तोके लिंडेगार्ड क्नुडसेन यांनी केला आणि तो २०१४मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. काम बडोद्यात झाले, अमेरिकेत झाले. माझ्या परभणी जिल्ह्यातल्या शाळांत मात्र गणितदिनाला रामानुजनांचे छायाचित्र लावतात आणि ज्ञानराज-सूर्यदासांचे नावही घेत नाहीत. रामानुजनांना हार घालावाच. पण पाथरीतल्या मुलाला हेही कळू द्यावे, की बीजगणिताचे ‘का?’ त्याच्या गावात विचारले गेले होते.

किल्ला बुऱ्हाणने पाडला, तेव्हा पाथरीचा वारसा दगडांत शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागायचे नाही. जन्माच्या वादाला अंत नसतो. तिमाभट इथला, पण वाढला बिदरला. साईबाबा इथले असोत वा नसोत, ते शिर्डीचे झाले. ज्ञानराज आणि सूर्यदास यांच्या ग्रंथांशी जोडलेले गाव मात्र पार्थपूर, आणि ग्रंथांवर शकही आहेत. शंभर कोटींतून काय उभे राहायचे ते राहो. त्यात ‘लीलावती’ शिकवणारी एक खोली आणि दोन टीकांच्या छापील प्रती असाव्यात, एवढे मागणे फार नाही. दीक्षितांनी एकशे तीस वर्षांपूर्वी या गावाकडे बोट दाखवले, तेही मराठीत.