नाकावरून ठरलेली पायरी

नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं आणि १००ने गुणायचं. आकडा ७०च्या आत आला तर नाक अरुंद, ८५च्या वर गेला तर रुंद. युरोपातल्या मानवशास्त्रज्ञांचा हा नासिका-निर्देशांक हर्बर्ट रिस्ले या आय.सी.एस. अधिकाऱ्याने बंगालमधल्या जातींना लावला आणि १८९१च्या सुमारास जाहीर केलं की जात जितकी वरची, तितकं नाक अरुंद. पुढे १९०१च्या जनगणनेचे आयुक्त तेच होते. त्या जनगणनेत सामाजिक प्रतिष्ठेनुसार जातींची उतरंड मांडायला घेतली, तेव्हा आपली पायरी वर न्यावी म्हणून ठिकठिकाणच्या जातिसभांनी सरकारकडे अर्ज केले.

मराठी मुलखात रिस्लेंचं गणित अडलं. नाकासोबत ते डोकीही मोजत. आर्य आणि द्राविड दोघेही लांब डोक्याचे, असं ते धरून चालले होते, पण इथल्या ब्राह्मणांची आणि कुणब्यांची डोकी रुंद भरली. मग त्यांनी मध्य आशियातून आलेल्या शकांना मदतीला घेतलं आणि ‘शक-द्राविड’ असा वंशप्रकार मांडला. १९०८च्या ‘द पीपल ऑफ इंडिया’त तर मराठ्यांचे छापे, गनिमी कावा आणि कारस्थानी राजकारण हा शकांचाच वारसा असावा, असं त्यांनी सुचवलं. हा निष्कर्ष कुठल्याही मापातून निघत नाही. मराठ्यांशी तीन युद्धं लढलेल्या सत्तेच्या मनात त्यांची जी प्रतिमा होती, तीच इथे रक्तगुण म्हणून छापली गेली.

नाक आणि जात जोडणाऱ्या सिद्धान्ताला सर्वांत नेमका धक्का मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी दिला, असं मला वाटतं. १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’त त्यांनी वसाहतकाळात जमवलेलीच मापं पुन्हा तपासली. नाक आणि जात यांचा मेळ संयुक्त प्रांतात दिसत होता. बंगाल, महाराष्ट्र, मद्रास इथे तो बसेना. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण पंजाबातल्या चुहडा या अस्पृश्य जातीला जवळचा निघाला. हाच पुरावा घेऊन डॉ. आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचं मत खोडून काढलं.

घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. प्रबंधाचे मार्गदर्शक होते मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या रेहोबोथच्या मिश्रवंशीयांवर लिहून ते नावारूपाला आले होते. युरोपीय कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली असमानता वेगळी असते आणि तिचा संबंध बुद्धीशी आहे, हे त्यांचं गृहीत. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशावरून असमानतेत फरक पडत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. परदेशातून आलेल्या, विशीतल्या विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाचं गृहीत नाकारायचं, याला किती धैर्य लागलं असेल! फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलप्रमुख झाले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी वंशाच्या मुलांची सक्तीने नसबंदी झाली, त्या कारवाईत त्यांचा सहभाग होता.

पुण्यात परतल्यावर बाईंनी मोजमाप सोडलं नाही. त्याबद्दल आज प्रश्न विचारले जातात आणि ते विचारायलाच हवेत. मात्र कैलाश मल्होत्रांसह १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी महाराष्ट्रातले ब्राह्मणांचे आठ अंतर्विवाही गट तपासले. सगळे एकाच पायरीवरचे. तरी शारीरिक मापांत ते एकमेकांपासून ठळकपणे वेगळे निघाले.