वेदनादायी विषय: वर्गात आणि संशोधनात

संशोधन: अत्याचारांच्या साक्षी सतत ऐकणाऱ्यालाही त्यांची झळ लागते. ही ‘अप्रत्यक्ष आघाता’ची संकल्पना मॅकॅन आणि पर्लमन यांनी १९९०मध्ये थेरपिस्टांच्या संदर्भात मांडली. अमेरिकी निदानपुस्तिका डीएसएम-५ने (२०१३) कामाचा भाग म्हणून असे तपशील वारंवार समोर येणे पीटीएसडीच्या (आघातोत्तर तणाव विकाराच्या) निकषांत धरले. म्हणून मुलाखतींचे शब्दांकन करणाऱ्याची काळजीही संशोधन-आराखड्यातच बसते.

अध्यापन: वेदनादायी मजकुराआधी दिल्या जाणाऱ्या पूर्वसूचनांवरील (ट्रिगर वॉर्निंग) १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. सूचनेमुळे त्रास कमी होत नाही, आधीची धास्ती मात्र वाढते, असे त्यात दिसले. मग सूचनाच नको, हा आक्षेप पुरता टिकत नाही. कारण आकलनावर सूचनेचा परिणाम आढळला नाही. सूचना फक्त विषय कळवते. चर्चा आणि समुपदेशन यांची जागा ती घेत नाही.