विमान आपले, किल्ली कुणाची?

ब्रिटनच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या विमानवाहू नौकेवरून उडालेले एक एफ-३५बी विमान १४ जून २०२५ च्या रात्री तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर उतरले. हवामान बिघडले होते आणि इंधन आटत आले होते. उतरल्यानंतर त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत दोष आढळला आणि जगातील सर्वांत खर्चिक शस्त्रकार्यक्रमाचे हे अपत्य केरळच्या ऐन पावसाळ्यात धावपट्टीलगत अडकून पडले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान त्याच्यावर पहारा देत होते आणि केरळच्या पर्यटन विभागाने त्याच्यावरून आपली विनोदी जाहिरातही करून घेतली. ६ जुलै रोजी ब्रिटनहून तंत्रज्ञांचे पथक आले, विमान हँगरमध्ये नेण्यात आले आणि २२ जुलै रोजी ते उडाले. एका बिघाडापायी पाच आठवड्यांहून अधिक काळ गेला.

या प्रसंगाची देशभर चेष्टा झाली. त्यातला बोध मात्र फारसा कुणी घेतला नाही. स्टेल्थ लढाऊ विमान म्हणजे केवळ एक यंत्र नव्हे. त्याच्यामागे कारखाने, सुटे भाग, संगणकीय आज्ञावली, विशेष लेप, प्रशिक्षित हात आणि परवानग्या यांची लांबलचक साखळी असते. म्हणून ‘कोणत्या देशांकडे अशी विमाने आहेत’ या प्रश्नाचे उत्तर नुसत्या यादीने पुरे होत नाही. ती साखळी कुणाच्या हाती आहे, हेही विचारावे लागते.

आधी यादीच पाहू. स्वतः घडवलेली स्टेल्थ लढाऊ विमाने सेवेत असलेले देश तीनच आहेत : अमेरिका, चीन आणि रशिया. अमेरिकेचे एफ-२२ डिसेंबर २००५ मध्ये सेवेत आले. त्याची १८७ विमाने हवाई दलासाठी बांधली गेली. १९९८ पासून कायद्यानेच त्याच्या निर्यातीला बंदी असल्याने जपानसारख्या निकटच्या मित्रालाही ते मिळाले नाही. चीनचे जे-२० पहिल्यांदा जानेवारी २०११ मध्ये उडाले आणि २०१७ मध्ये सेवेत आले. आज त्यांची संख्या दोनशेच्या पुढे असल्याचा पाश्चात्त्य अभ्यासकांचा अंदाज आहे. पाठोपाठ जे-३५ हे दुसरे विमानही चीनने पुढे आणले असून त्याची एक आवृत्ती खास विमानवाहू नौकांसाठी आहे. रशियाचे सुखोई-५७ जानेवारी २०१० मध्ये उडाले. पण त्याचे पहिले नियमित उत्पादनातील विमान रशियन हवाई दलाला मिळायला डिसेंबर २०२० उजाडावा लागला. २०१९ मध्ये मागणी नोंदवलेल्या ७६ विमानांचे उत्पादन अजून संथगतीनेच चालले आहे.

या तिघांखेरीज ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क, बेल्जियम, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्याकडे अमेरिकी एफ-३५ आहे. पोलंडला मिळालेली पहिली विमाने अमेरिकेतील तळावर पोलिश वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ठेवण्यात आली. जर्मनी, फिनलंड, कॅनडा, सिंगापूर यांसारखे देश रांगेत आहेत. म्हणजे जेमतेम चौदा देशांच्या या वर्तुळात स्वतःच्या बळावर उभे असलेले तीन आहेत आणि उरलेले अकरा एकाच उत्पादकाचे ग्राहक आहेत.

या विमानांना ‘अदृश्य’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती दिशाभूल करणारी आहे. रडारचे तरंग विमानावर आदळून परत येतात, त्यावरून ते ओळखू येते. विमानाचा आकार असा घडवायचा की तरंग भलतीकडे वळावेत, पृष्ठभागावर ते शोषणारे लेप द्यायचे, क्षेपणास्त्रे पंखाखाली टांगण्याऐवजी पोटात दडवायची, इंजिनाची उष्णता झाकायची, असा हा सारा खटाटोप असतो. त्याचे गणित कठोर आहे. शत्रूच्या रडारचा पल्ला निम्म्यावर आणायचा, तर परत जाणारे तरंग सोळा पटींनी घटवावे लागतात. एवढे करूनही विमान पूर्णपणे लपत नाही. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियाच्या सैन्याने अमेरिकेचे एफ-११७ हे स्टेल्थ विमान जुन्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्राने पाडले होते.

या तंत्राचा जन्म हाच एक धडा आहे. प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय तरंग एखाद्या वस्तूच्या कडांवरून कसे विखुरतात, याचे गणित १९६२ मध्ये मॉस्कोत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याचे लष्करी मोल तिथल्या व्यवस्थेला जाणवले नाही, म्हणूनच ते खुलेपणाने छापले गेले. १९७१ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्याचा अनुवाद करून घेतला. पुढे लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी तेच गणित संगणकावर चढवले आणि १९७७ च्या डिसेंबरात त्यांचे पहिले प्रायोगिक स्टेल्थ विमान उडाले. ज्ञान एका देशात जन्मले, शस्त्र दुसऱ्या देशात घडले. बुद्धिमत्ता दोन्हीकडे होती. फरक तिला कारखान्यापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेत होता.

ग्राहक देशांची स्थिती कशी असते, ते तुर्कस्तानच्या अनुभवातून कळते. तुर्कस्तान एफ-३५ च्या कार्यक्रमात २००२ पासून भागीदार होता. या विमानाचे नऊशेहून अधिक भाग तिथे बनत होते आणि तुर्की वैमानिक अमेरिकेत प्रशिक्षण घेत होते. जुलै २०१९ मध्ये रशियाची एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणा अंकाराला पोहोचली आणि त्याच महिन्यात अमेरिकेने तुर्कस्तानला कार्यक्रमातून बाहेर काढले. पैसे भरलेले, भाग बनवलेले, नाटोचे सदस्यत्व जुने. यांतले काहीही कामी आले नाही. हीच एस-४०० यंत्रणा आज भारतीय हवाई दलात आहे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. याउलट इस्रायलने आपल्या एफ-३५ मध्ये स्वतःची इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री बसवण्याची मुभा मिळवली. ती सवलत वॉशिंग्टनशी असलेल्या विशेष नात्यातून आली आहे. प्रत्येक ग्राहकाला ती मिळणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी १८०३ हे वर्ष आठवते. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्यात तोफा ओतल्या. त्या तोफा इंग्रजांच्या तोडीच्या होत्या. आसईच्या रणांगणावर इंग्रजांनी त्याची जबर किंमत मोजली. पण पलटणींचे नेतृत्व परक्या अधिकाऱ्यांकडे होते. युद्ध तोंडावर येताच गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून, शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना आर्थिक हमी दिली. अनेक जण गेले आणि सेनापती पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलिगडच्या किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा इंग्रजांना वाट दाखवायला शिंद्यांची नोकरी सोडून आलेलाच एक अधिकारी होता. तोफा स्वतःच्या होत्या, पण त्या चालवणारी विद्या उसनी होती. ऐन वेळी ती विद्या धन्याकडे परत गेली.

स्वतंत्र भारताचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थान एरोनॉटिक्सने घडवलेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्या काळी आशियात असे धाडस फार थोड्यांनी केले होते. विमानाचा सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसे इंजिन कधीच मिळाले नाही. अधिक ताकदीचे इंजिन विकसित करण्यासाठी ब्रिटिश कंपनीने खर्चात वाटा मागितला, तो दिल्लीने नाकारला. इजिप्तबरोबर केलेला प्रयत्नही तडीस गेला नाही. मारुतने १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावली; पण ज्या वेगासाठी त्याची रचना झाली होती, तो त्याने गाठला नाही. १४७ विमाने बांधून तो अध्याय मिटला आणि त्यातून घडलेली आरेखनाची परंपराही खंडित झाली.

‘तेजस’च्या बाबतीत तीच ठेच पुन्हा लागली. १९८३ मध्ये मंजूर झालेला हा प्रकल्प ४ जानेवारी २००१ रोजी आकाशात झेपावला आणि त्याचे पहिले स्क्वाड्रन १ जुलै २०१६ रोजी उभे राहिले. त्याच्यासाठी ‘कावेरी’ हे स्वदेशी इंजिन बनवण्याचा प्रकल्प १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपये मंजूर करून सुरू झाला. जगातील मोजक्याच देशांना साधलेल्या विद्येसाठी ही रक्कम किती अपुरी होती, हे नंतरच्या खर्चवाढीने सिद्ध केले. इंजिनाची उंचावरील चाचणी करण्याची सोयही देशात नव्हती; त्यासाठी ते रशियात न्यावे लागले. २००८ मध्ये कावेरी तेजसपासून अलग करण्यात आले. परिणामी तेजसच्या मार्क-१ए या आवृत्तीसाठी २०२१ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे ९९ इंजिने मागवली गेली. त्यांतले पहिले मार्च २०२५ मध्ये पोहोचले, तोवर हवाई दलाला पहिले विमान देण्याची मुदत उलटून वर्ष झाले होते.

दरम्यान रशियाबरोबर संयुक्तपणे पाचव्या पिढीचे विमान बनवण्याचा मार्गही चोखाळून झाला. २००७ मध्ये करार झाला, २०१० मध्ये प्राथमिक आरेखनासाठी सुमारे साडेएकोणतीस कोटी डॉलर देण्याचे ठरले आणि २०१८ मध्ये भारत त्यातून बाहेर पडला. किती तंत्रज्ञान मिळणार आणि विमानाची स्टेल्थ क्षमता खरोखर किती, याविषयी हवाई दलाचे समाधान झाले नव्हते. माघार बहुधा योग्यच होती, पण अकरा वर्षे हातची गेली.

आज या साऱ्याचा हिशेब एका आकड्यात मावतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिल्यानंतर हवाई दलाकडे लढाऊ विमानांची २९ स्क्वाड्रन उरली. मंजूर संख्या ४२ आहे. उत्तरेला चीन दर वर्षी जे-२० ची संख्या वाढवतो आहे. चीनने आपल्याला ४० जे-३५ देऊ केल्याचे पाकिस्तान सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. जाहीर होणे आणि ताफ्यात दाखल होणे यांत पुष्कळ अंतर असते, तरी नियोजनकर्त्याला ही शक्यता गृहीत धरावीच लागते. भारताचे स्वतःचे उत्तर म्हणजे ‘ॲम्का’. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये आणि पाच नमुना विमाने यांना मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये खासगी उद्योगांनाही स्पर्धेत उतरण्याची वाट खुली करण्यात आली. पहिले उड्डाण या दशकाच्या अखेरीस आणि सेवेत प्रवेश २०३५ च्या सुमारास, असे अधिकृत उद्दिष्ट आहे.

मधल्या दहा वर्षांचे काय, हा हवाई दलाचा प्रश्न रास्त आहे. वैमानिकाला भविष्यातल्या फायलीवर बसून उडता येत नाही. म्हणूनच एफ-३५ वा सुखोई-५७ यांची दोन-तीन स्क्वाड्रन तातडीने घ्यावीत, असा सूर अधूनमधून उमटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळूरुच्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात ही दोन्ही विमाने हजर होती आणि त्याच आठवड्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याची भाषा केली. मात्र खरेदीची किंमत हा खर्चाचा आरंभ असतो. अमेरिकेच्या संसदीय लेखापरीक्षण यंत्रणेने आपल्या एफ-३५ ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज २०२३ पर्यंत १.५८ लाख कोटी डॉलरवर गेल्याचे नोंदवले आहे. मार्च २०२३ मध्ये त्या ताफ्यातील जेमतेम ५५ टक्के विमाने मोहिमेस सज्ज होती. निर्मात्याची ही गत असेल, तर मूठभर विमाने घेणाऱ्या दूरच्या ग्राहकाची काय होईल? तातडीची गरज राफेलसारख्या ओळखीच्या विमानांनी आणि वेळेवर मिळणाऱ्या तेजसने भागवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. नाशिकजवळ ओझरला तेजसची नवी उत्पादन साखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

ॲम्कासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, इंजिन हा स्वतंत्र राष्ट्रीय प्रकल्प मानणे. पहिली ॲम्का अमेरिकी इंजिनावर उडेल. पुढच्या आवृत्तीचे अधिक ताकदीचे इंजिन फ्रान्सच्या साफ्रानबरोबर विकसित करण्याचा निर्णय झाला आहे. त्या करारात आरेखनाचा हक्क कुणाचा, हे कलम किमतीपेक्षा मोलाचे आहे. चीनचे जे-२० सुरुवातीला रशियन इंजिनावरच उडाले. पण त्या काळात स्वतःच्या इंजिनावरचा खर्च चीनने थांबवला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चाचणीच्या सोयी विमानाच्या आधी उभ्या करणे. तिसरी, ज्याच्या नावावर प्रकल्प आहे त्याला दहा वर्षे हलवू नये. शासनात आयुष्य घालवलेल्यांना ठाऊक असते की, आपल्याकडे प्रकल्प नकाराने क्वचितच मरतात. एका टिप्पणीपासून दुसऱ्या टिप्पणीपर्यंतच्या प्रतीक्षेत आणि सचिव व संचालकांच्या बदल्यांत ते झिजत जातात. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दर वर्षी ॲम्काचा आणि इंजिनाचा प्रगती अहवाल यावा आणि विलंबाचे कारण त्यात नावानिशी नोंदवले जावे. यासाठी एक रुपयाही जादा लागणार नाही.

स्टेल्थ विमाने बाळगणाऱ्या देशांच्या यादीत भारताचे नाव आज ना उद्या येईलच. त्यासाठी एक धनादेशही पुरेल. संकटाच्या रात्री कुणाची परवानगी न मागता ते विमान उडवता येईल, अशा देशांची यादी मात्र याहून फार लहान आहे. मारुत आणि कावेरी यांनी त्या यादीत जाण्याची वाट दाखवली होती. आपण दोन्ही वेळा अर्ध्यातून परतलो. तिसऱ्यांदा तेवढी सवड मिळेल, असे सीमेपलीकडचे चित्र सांगत नाही.