तुलनात्मक स्त्री-इतिहास : तीन राजमाता, एक प्रश्न

जबलपूरहून मंडल्याच्या रस्त्याला लागलात की बरेल्याजवळ राणी दुर्गावतीची समाधी आहे. मोगल सरदार आसफखानाशी लढताना १५६४ च्या जूनमध्ये ती या भागात पडली. जबलपूरच्या विद्यापीठालाही तिचेच नाव आहे. स्त्रियांचा आणि लिंगभावाचा तुलनात्मक इतिहास पदव्युत्तर पातळीवर शिकायचे तुमच्या मनात असेल, तर तिच्यापासूनच सुरुवात करून पाहा.

दुर्गावती शूर, कोल्हापूरची ताराबाई शूर, दोघी मोगलांशी लढल्या, म्हणून दोघी सारख्या : असे लिहिण्याचा मोह होतोच. हा झाला गौरव. तुलनेला एक प्रश्न लागतो आणि तो सगळ्यांना सारखाच विचारावा लागतो. आपण हा घेऊ : गादीवर पुरुषच बसतो अशा राज्यात विधवेच्या हाती सत्ता येते कशी?

दुर्गावतीचा पती दलपतशाह सुमारे १५५० मध्ये वारला तेव्हा मुलगा वीरनारायण लहान होता. १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यावर ताराबाईने मुलगा दुसरा शिवाजी याच्या नावाने कारभार हाती घेतला. फ्रान्समध्ये १५६० साली दहा वर्षांचा नववा शार्ल राजा झाला आणि त्याची आई कॅथरीन द मेदिची राज्य पाहू लागली. तिन्ही ठिकाणी सत्ता अज्ञान मुलाच्या नावाने आली. म्हणजे इथे ‘आई’ हे नाते तर आहेच, पण ते राजकीय पदही आहे.

आता फरक पाहा. फ्रान्समध्ये स्त्रीला गादीचा वारसा नव्हताच. त्यामुळे आई स्वतः गादी बळकावील ही भीती नव्हती. ती भीती राजघराण्यातल्या पुरुषांची. हे कळल्यावर गोंडवनाकडे परत या. दलपतशाहाचा भाऊ चंद्रशाह होता. युद्धानंतर गढ्याची गादी त्यालाच मिळाली. मग आधीची सुमारे चौदा वर्षे दीर बाजूला आणि भावजय कारभारी, हे कसे घडले? फ्रान्स शेजारी ठेवले नसते तर हा प्रश्न सुचला असता का? ताराबाईची गोष्ट उलट बाजूने तेच सांगते. १७१४ मध्ये तिची सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाई कैदेत गेली. मुलगा बदलला, तशी राज्य चालवणारी आईही बदलली.

खरी अडचण साधनांची आहे. कॅथरीनची स्वतःची हजारो पत्रे उरली आहेत. दुर्गावतीसाठी मुख्य आधार ‘अकबरनामा’, म्हणजे जिंकणाऱ्या दरबारातले लेखन, तेही काही दशकांनंतरचे. अबुल फजल तिची स्तुती करतो आणि तिच्या गर्वावर बोटही ठेवतो. तो ‘गर्व’ तिचा होता की लिहिणाऱ्याच्या नजरेतला? मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. वेगवेगळ्या अचूकतेच्या दोन उपकरणांची मापे त्यांनी थेट शेजारी मांडली, तर मी वही परत करतो. इथेही तेच करावे लागते.

शिकायचे कुठे? मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आहे; पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही स्त्री-अभ्यास केंद्र आहे. अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, तरी त्या वर्षीचे नियम पाहून घ्या. अर्जात ‘मला स्त्रियांच्या इतिहासात रुची आहे’ एवढ्यावर थांबू नका, तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. आणि भाषेची तयारी आतापासून करा : ताराबाईसाठी मोडी, दुर्गावतीसाठी फारसी, कॅथरीनसाठी फ्रेंच. दोन वर्षांत तिन्ही होणार नाहीत, त्यामुळे आधी एक निवडा.